जगात चार-पाचच मोटार कंपन्या उरणार का? मकरपुऱ्यातल्या एका प्रेस शॉपच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "वडिलांचं बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत प्रेस शॉप आहे. पत्र्याचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प दाबून आम्ही एका टियर-१ ला (गाडी कंपनीला थेट माल देणाऱ्या मोठ्या सप्लायरला) देतो, तिथून ते असेंब्लीत बसून परदेशी कंपनीच्या गाडीत जातात. आता टियर-१ वाले म्हणतात, २०० टनाचा प्रेस टाका, काम वाढवून देतो. कर्ज काढावं लागेल. इकडे बातम्या अशा, की होंडा-निस्सानचं जुळता जुळता फिसकटलं, फोक्सवॅगन माणसं कमी करतेय, चिनी कंपन्या सगळ्यांना खाणार. शेवटी जगात चार-पाचच कंपन्या उरणार का? आणि तसं झालं तर आमच्यासारख्यांनी काय करायचं?"

आधी सरळ उत्तर देतो. चार-पाच उरतील असं मला वाटत नाही. पूर्ण विलीनीकरणं इथून पुढे थोडीच होतील. कारखाने, ब्रँड आणि भागभांडवल मात्र भराभर हात बदलत राहील. तुमच्या प्रेसचं कर्ज फिटेल की नाही, हे कोणती कंपनी कोणात मिसळली यावर फारसं ठरत नाही. तुमचा ब्रॅकेट कोणत्या प्लॅटफॉर्मवर (ज्या पायाभूत सांगाड्यावर एक किंवा अनेक मॉडेल बनतात, त्यावर) बसतो आणि तो प्लॅटफॉर्म अजून किती वर्षं चालणार, यावर ठरतं. गाड्यांच्या सुट्या भागांची खरेदी आणि सप्लायर क्वालिटी यांतच माझी नोकरी झाली, त्यामुळे हे सगळं मला खरेदीच्या टेबलावरून दिसतं, तसंच सांगतो.

"पाच-सहाच उरतील" हे भाकीत जुनं आहे. १९९८ साली डेमलर-बेन्झ आणि क्रायस्लर एकत्र आल्या तेव्हा जाणती माणसं हेच म्हणत होती. त्यानंतर काय झालं? २००३ मध्ये टेस्ला सुरू झाली. त्याच वर्षी बॅटऱ्या बनवणाऱ्या बीवायडीने एक छोटी चिनी मोटार कंपनी विकत घेऊन गाड्यांच्या धंद्यात पाऊल टाकलं, आणि २०२४ मध्ये तिने ४२ लाखांहून जास्त गाड्या विकल्या. फोर्डने जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून पाच अब्ज डॉलरच्या वर मोजून घेतल्या होत्या, त्या २००८ मध्ये २.३ अब्जांना टाटांना विकल्या. व्होल्वो तिने १९९९ मध्ये ६.४५ अब्जांना घेतली होती, ती २०१० मध्ये दोन अब्जांच्याही खाली चीनच्या गीलीला दिली. म्हणजे जुने मोठे आकसले आणि त्यांनी टाकलेल्या वस्तूंवर नवे मोठे झाले. मैदानातले गडी काही कमी झाले नाहीत.

मग कंपन्यांना एकत्र यावंसं वाटतं कशासाठी? नवा प्लॅटफॉर्म, नवं इंजिन, प्रदूषणाचे नवे नियम, आता बॅटरी आणि सॉफ्टवेअर, या प्रत्येकाला अब्जावधी डॉलर लागतात. तो खर्च दहा लाख गाड्यांवर पसरला तर गाडीमागे जड जातो, पन्नास लाखांवर पसरला तर हलका होतो. फियाट-क्रायस्लरचे सर्जिओ मार्किओने यांनी एप्रिल २०१५ मध्ये गुंतवणूकदारांसमोर हेच उघडपणे मांडलं होतं, की गिऱ्हाइकाला ज्यात फरक कळतही नाही असे भाग प्रत्येक कंपनी स्वतंत्रपणे विकसित करते आणि भांडवल जाळते. त्यांनी जनरल मोटर्सला एकत्र येण्याचं सुचवलं, जनरल मोटर्सने नाही म्हटलं. मे २०१९ मध्ये फियाट-क्रायस्लरने रेनोपुढे प्रस्ताव ठेवला. रेनोत फ्रेंच सरकारचा सुमारे १५ टक्के वाटा आहे, सरकारने वेळ मागितला आणि दहा-बारा दिवसांत प्रस्ताव मागे घेतला गेला. शेवटी प्यूजो-सिट्रोएनशी जमलं आणि जानेवारी २०२१ मध्ये स्टेलांटिस उभी राहिली. एका छपराखाली १४ ब्रँड.

मार्किओने यांचं गणित मला आजही बरोबर वाटतं. पण ते गणित इंजिनिअरच्या कागदावर जेवढं सुटसुटीत दिसतं तेवढं दोन कंपन्यांच्या माणसांमध्ये उतरत नाही. डेमलर-क्रायस्लरचंच बघा. सौदा सुमारे ३६ अब्ज डॉलरचा, आणि सांगितलं गेलं की हे दोन बरोबरीच्या कंपन्यांचं मीलन आहे. बचत होणार होती ती भाग सामाईक केल्याने. पण मर्सिडीजवाल्यांना आपले ताजे भाग क्रायस्लरला द्यायचे नव्हते. तेच भाग स्वस्त गाडीत बसले तर महाग गाडी कोण घेईल, ही त्यांची भीती काही अगदीच खोटी नव्हती. मग क्रायस्लरच्या क्रॉसफायर गाडीला मिळाला मर्सिडीजच्या जुन्या एसएलकेचा सांगाडा. २००७ मध्ये डेमलरने क्रायस्लरचा ८० टक्के हिस्सा सर्बेरस या गुंतवणूक कंपनीला ७.४ अब्जांच्या सौद्यात दिला, आणि ३० एप्रिल २००९ ला क्रायस्लरने दिवाळखोरीचा अर्ज केला.

स्टेलांटिसची सुरुवात चांगली झाली. २०२३ चा निव्वळ नफा १८.६ अब्ज युरो होता, २०२४ मध्ये तो ५.५ अब्जांवर आला. अमेरिकेत किमती चढ्या ठेवल्या, डीलरांकडे गाड्या साचल्या, डीलरांनी मुख्य अधिकारी कार्लोस ताव्हारेस यांना जाहीर पत्र लिहिलं. १ डिसेंबर २०२४ ला त्यांनी राजीनामा दिला. खर्च कापण्यात हा माणूस वाघ होता. पण खर्च कापून गाडी स्वस्तात बनते, गिऱ्हाइकाला ती घ्यावीशी वाटेलच असं नाही.

आता होंडा-निस्सान. तुमचा प्रश्न मुळात तिथून निघालाय, म्हणून जरा थांबून सांगतो. २३ डिसेंबर २०२४ ला दोघांनी जाहीर केलं की एक सामाईक होल्डिंग कंपनी (दोघांचे शेअर धरणारी वरची कंपनी) काढू, ऑगस्ट २०२६ पर्यंत ती शेअर बाजारात आणू. मित्सुबिशी धरली तर मिळून वर्षाला जवळपास ८० लाख गाड्या झाल्या असत्या, म्हणजे टोयोटा आणि फोक्सवॅगननंतर तिसरा नंबर. १३ फेब्रुवारी २०२५ ला ते मोडलं. बाजारात होंडाची किंमत निस्सानच्या पाचेक पट, म्हणून होंडाने मधेच सुचवलं की होल्डिंग कंपनी नको, निस्सानने आमची उपकंपनी व्हावं. निस्सानला ते मानवलं नाही.

बातम्यांमध्ये याला मानापमान म्हटलं गेलं. मानापमान होताच, पण माझ्या मते खोट आधीपासूनच होती. दोघांची दुखणी एकाच जागी होती. चीनमध्ये दोघांचीही विक्री घसरत होती. अमेरिकेत दोघेही जवळपास तशाच आकाराच्या गाड्या विकतात. स्वस्त बॅटरीत दोघांपैकी कुणीच पुढे नाही. एकाकडे नाही ते दुसऱ्याकडे असेल तर एकत्र येण्याला अर्थ. इथे दोघांच्याही पदरात तेच नव्हतं. १९९९ मध्ये रेनोने निस्सानचा ३६.८ टक्के वाटा घेतला तेव्हा गोष्ट वेगळी होती. रेनो युरोपात, निस्सान जपान-अमेरिकेत. एकाकडे पैसा होता, दुसऱ्याकडे चांगली इंजिनिअरिंग होती.

त्या १९९९ च्या सौद्यातलं एक प्रकरण प्रत्येक सप्लायरने नीट वाचावं असं आहे. रेनोने पाठवलेल्या कार्लोस घोन यांनी त्याच ऑक्टोबरमध्ये निस्सानची पुनरुज्जीवन योजना जाहीर केली. त्यात पाच कारखाने बंद आणि २१ हजार माणसं कमी हे तर होतंच, पण खरेदीचं कलम त्याहून महत्त्वाचं होतं. तीन वर्षांत खरेदीखर्च २० टक्क्यांनी कमी करायचा आणि ११४५ सप्लायर होते ते ६०० वर आणायचे. निस्सानचे ज्यांच्याशी पिढीजात संबंध होते, ज्यांच्यात तिचं भांडवलही होतं, असे शेकडो सप्लायर एका घोषणेने उघड्यावर आले. जे ६०० मध्ये राहिले त्यांना काम दुप्पट झालं, पण भाव खाली आला. निस्सान वाचली, त्या सप्लायरांच्या पैशावरही वाचली. आणि आता मे २०२५ मध्ये त्याच निस्सानने पुन्हा १७ कारखान्यांचे १० करायचं आणि २० हजार माणसं कमी करायचं ठरवलंय. १९६१ पासून चालणारा ओप्पामाचा कारखानाही त्यात जाणार आहे. एकदा मिळालेलं जीवदान कायमचं नसतं.

विलीनीकरण झालं की सप्लायरच्या दारात पहिली काय गोष्ट येते, ते सांगतो, कारण हे वर्तमानपत्रात येत नाही. दोन्ही कंपन्यांचे खरेदी विभाग आपापल्या भावांच्या यादी शेजारी-शेजारी ठेवतात. समजा तुमच्यासारखा एक सप्लायर दोघांनाही क्लॅम्प देतोय. एकाला १४ रुपयांना, दुसऱ्याला साडेबारा रुपयांना, कारण दुसऱ्याची मात्रा मोठी आहे किंवा प्लेटिंग साधं आहे. खरेदीवाला फोन करून एवढंच विचारतो, की हा फरक का? ज्याच्याकडे पत्र्याचं वजन, स्क्रॅपचं प्रमाण, स्ट्रोकचा दर, प्लेटिंगचा दर असा हिशेब लिहून ठेवलेला असतो तो उत्तर देतो आणि भाव टिकवतो. ज्याचा भाव "बाबांनी ठरवला होता" असा असतो, त्याला दोन्हीकडे साडेबारा मिळतात, वर दरवर्षीची टक्केवारीची कपात वेगळी. तुमच्या शॉपमध्ये प्रत्येक पार्टचा असा कॉस्ट शीट नसेल तर प्रेस घ्यायच्या आधी तो बनवा. ही गोष्ट मी कळकळीने सांगतोय. पार्ट उत्तम आणि हिशेबाचा कागद नाही, एवढ्यावरून नुकसानीत गेलेली शॉप्स मी पाहिली आहेत, आणि ती चालवणारी माणसं कामात कुठेही कमी नव्हती.

आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण हालोलचं आहे. तुमच्या वडिलांना हे सगळं आठवत असेल. हिंदुस्तान मोटर्सबरोबरच्या भागीदारीत जनरल मोटर्स तिथे आली. १९९६ मध्ये ओपेल अॅस्ट्रा निघाली. १९९९ मध्ये जनरल मोटर्सने भागीदाराचा वाटा घेऊन टाकला, २००३ मध्ये शेवरोले आणली, मग तवेरा, क्रूझ. बडोद्यातून रोज बसने हालोलला जाणारी किती माणसं होती, मांजलपूर-वाडीत विचारा. एप्रिल २०१७ मध्ये तो कारखाना बंद झाला. त्याच वर्षी जनरल मोटर्सने युरोपातली ओपेल प्यूजो-सिट्रोएनला विकली आणि भारतातली विक्रीही थांबवली. हालोलच्या कारखान्यावर काही राग नव्हता. डेट्रॉइटमध्ये बसून त्यांनी ठरवलं की ज्या बाजारात पुरेसा नफा नाही तिथून निघायचं. हालोलमधला उत्तम वेल्डर आणि मकरपुऱ्यातला उत्तम सप्लायर, दोघांचं नशीब अशा एका निर्णयाला बांधलेलं असतं.

पण पुढे बघा. तीच जागा चीनच्या सैकने घेतली आणि २०१९ मध्ये तिथून एमजी हेक्टर बाहेर पडली. एमजी हे नाव मूळचं इंग्लंडचं. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड नावाचं मोठं विलीनीकरण झालं त्यात ते गेलं. १९७५ मध्ये ती कंपनी सरकारने ताब्यात घेतली. मग रोव्हर, १९९४ मध्ये बीएमडब्ल्यू, २००० मध्ये पुन्हा वेगळं, २००५ मध्ये दिवाळं निघून लाँगब्रिजचा कारखाना थांबला आणि सहा हजारांच्या आसपास माणसं एका झटक्यात बेकार झाली. तिथून ते नाव नानजिंग या चिनी कंपनीकडे गेलं आणि नानजिंग सैकमध्ये मिसळली. इंग्लंडने आपल्या जवळजवळ सगळ्या कंपन्या एकत्र करून एक मोठी कंपनी बनवली, तरी ती वाचली नाही, कारण एकत्र आल्यावरही एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या गाड्या आणि जुने कारखाने तसेच चालू ठेवले. आणि आता २०२४ पासून हालोलमध्ये जेएसडब्ल्यूचा ३५ टक्के वाटा आहे, कारण २०२० च्या एप्रिलपासून चिनी भांडवलाला सरकारची आधी मंजुरी लागते आणि सैकला एकटीने वाढता येईना. विंडसर ही विजेवरची गाडी तिथूनच निघते.

अहमदाबादजवळच्या साणंदची गोष्टही तशीच. फोर्डने २०१५ मध्ये कारखाना सुरू केला. महिंद्रांबरोबर भागीदारी २०१९ मध्ये जाहीर केली, ती ३१ डिसेंबर २०२० ला सोडून दिली. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवायचं सांगितलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये तो कारखाना ७२५.७ कोटींना टाटांच्या कंपनीकडे आला. पुण्याकडे तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना आधी एक चिनी कंपनी घेणार होती, मंजुरी मिळाली नाही, शेवटी ह्युंदाईने घेतला. यातला प्रत्येक कारखाना पुन्हा चालू झाला, प्रत्येक ठिकाणी प्रेस पुन्हा ठोकू लागले. पण मधली काही वर्षं ज्या सप्लायरला काढता आली नाहीत, त्याला नव्या मालकाचा काय उपयोग? आणि नवा मालक आपले डाय (पार्ट दाबायचे साचे), आपले सप्लायर, आपली ड्रॉइंग घेऊन येतो. इमारत तीच असली तरी जुन्या सप्लायर यादीतलं कुणी आपोआप नव्या यादीत येत नाही.

विलीनीकरण न करता खर्च वाटून घेण्याचा दुसरा रस्ता आहे, आणि मला तोच पुढचा वाटतो. टोयोटा आणि सुझुकी यांनी २०१९ मध्ये एकमेकांत थोडा थोडा वाटा घेतला. सुझुकीतला टोयोटाचा वाटा पाच टक्क्यांच्याही आत. पण बलेनो टोयोटाच्या शोरूममध्ये ग्लान्झा म्हणून विकली जाते, ग्रँड व्हिटारा कर्नाटकात टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यात बनते, आणि विजेवरची ई-व्हिटारा आपल्या गुजरातेतल्या हंसलपूरच्या कारखान्यातून ऑगस्ट २०२५ पासून बाहेर देशांत जाऊ लागली. टोयोटाला भारतात छोटी गाडी मिळाली, सुझुकीला हायब्रीडचं तंत्र मिळालं, आणि कुणाच्या नावाची पाटी कुणाच्या खाली लागली नाही. याच सुझुकीत २००९ मध्ये फोक्सवॅगनने जवळपास २० टक्के वाटा घेतला होता. सुझुकीला वाटलं आपण बरोबरीचे भागीदार, फोक्सवॅगनच्या वागण्यातून तसं दिसलं नाही. दोन वर्षांत बिनसलं आणि लवादाचा निकाल लागून सुटका व्हायला २०१५ उजाडलं. कंपनी तीच, देश तोच, फरक पडला तो समोरच्याने तिला कसं वागवलं यामुळे. बलेनोचा ब्रॅकेट देणाऱ्याला टोयोटाची ऑर्डर आयती मिळाली, कुठल्याही विलीनीकरणाशिवाय. म्हणून मी म्हणतो की प्लॅटफॉर्म बघा.

चिन्यांबद्दल. त्यांची भीती खरी आहे, पण ती कुठून येते हे नीट समजून घ्यायला हवं. चीनच्या बाजारात परदेशी ब्रँडचा वाटा २०२० मध्ये साठ टक्क्यांच्या वर होता, २०२४ मध्ये चाळीसच्या खाली आला. फोक्सवॅगनचा नफा वर्षानुवर्षं तिथून येत होता. तो आटला, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत २०३० पर्यंत ३५ हजार नोकऱ्या कमी करायचा करार कामगार संघटनांशी झाला. बीवायडी बॅटरी स्वतः बनवते, मोटर स्वतः, चिपसुद्धा बऱ्याच स्वतः. जुन्या कंपनीला नवी गाडी आणायला चार-पाच वर्षं लागतात, चांगली चिनी कंपनी दोन वर्षांच्या आत आणते. दोन मंद कंपन्या एकत्र केल्या तर त्यातून वेगवान कंपनी होत नाही, हे आता युरोपातही कळलंय. म्हणून फोक्सवॅगनने २०२३ मध्ये शाओपेंगमध्ये ७० कोटी डॉलर घातले आणि स्टेलांटिसने लीपमोटरमध्ये १.५ अब्ज युरो. आधी चीन युरोपकडून तंत्र घ्यायचा, आता युरोप पैसे देऊन चीनकडून घेतोय. मोठ्या कंपन्या एकमेकींत मिसळण्याऐवजी असे छोटे छोटे हिस्से घेणं, बॅटरी आणि सॉफ्टवेअर विकत घेणं, रिकामा कारखाना दुसऱ्याला देणं, हेच जास्त होणार.

चीनमध्येही सगळं गोड नाही. तिथल्या भावयुद्धात सप्लायरांचे पैसे इतके अडकले, की जून २०२५ मध्ये बीवायडी, गीली, सैक वगैरे कंपन्यांना जाहीर करावं लागलं, आम्ही ६० दिवसांत पैसे देऊ. आपल्याकडे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. तुमची उद्यम नोंदणी झालीच असेल. तिचा नंबर प्रत्येक बिलावर छापा.

तुमच्या शॉपला दुसरा धक्का तंत्राचा आहे आणि तो विलीनीकरणाहून मोठा ठरू शकतो. टेस्लाने मॉडेल वायच्या मागच्या सांगाड्यात जे सत्तरच्या आसपास भाग जोडून बनायचे, ते एक-दोन मोठ्या अॅल्युमिनियम कास्टिंगमध्ये आणले. भारतात हे लगेच सगळीकडे येईल असं मला वाटत नाही. आपल्या मात्रा आणि किमती त्याला साथ देत नाहीत, ठोकर लागली तर दुरुस्तीही महाग. पण एक्झॉस्टचे हँगर, पेट्रोलच्या टाकीचे पट्टे, इंजिन माउंटिंगचे ब्रॅकेट, हे विजेच्या गाडीत लागतच नाहीत. सीटचे, दरवाज्याचे, डॅशबोर्डमागच्या बीमचे, वायरिंगचे ब्रॅकेट लागतात. बॅटरी पॅकमध्ये तांब्याचे आणि अॅल्युमिनियमचे बसबार (वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या) लागतात, तेही दाबूनच बनतात, फक्त बर (कापलेल्या कडेवरची धारदार खरखर) आणि सपाटपणा यांची शिस्त जास्त कडक. आज तुमच्या यादीतले किती पार्ट पहिल्या गटातले आहेत, ते एका कागदावर लिहा. अर्ध्याहून जास्त निघाले तर चिंता तिथे आहे, होंडा-निस्सानच्या बातमीत नाही.

आता २०० टनाच्या प्रेसचं.

प्रेस ही वस्तू वाईट नाही. २०० टनाचा चांगला प्रेस कुठल्याही गाडीचा, पंख्याचा, स्विचगियरचा पार्ट दाबू शकतो. अडकवणारी वस्तू डाय असते. म्हणून टियर-१ ला विचारा की डायचे पैसे कोण देणार. ते एकरकमी देत असतील तर उत्तम. पार्टच्या भावात वळते करून घ्या म्हणत असतील, तर किती नगांवर वळते करायचे तो आकडा आणि तेवढे नग उचलले नाहीत तर उरलेले पैसे कोण देणार, हे करारात लिहून घ्या. मॉडेल मधेच बंद पडलं, कंपनी देश सोडून गेली, मालक बदलला, या तिन्ही वेळी तुम्हाला एवढंच एक कलम वाचवतं. त्यांनी सांगितलेल्या मात्रेच्या साठ टक्क्यांवर हप्ता निघतो का बघा. सप्लायरला दिलेलं शेड्यूल आणि प्रत्यक्ष उचल यांत नव्या मॉडेलच्या बाबतीत मला नेहमीच मोठं अंतर दिसत आलंय.

एका गिऱ्हाइकाचा वाटा तुमच्या धंद्यात अर्ध्याच्या वर नको. बडोद्यात तुमचं भाग्य असं, की गाड्यांखेरीजही पत्रा दाबून घेणारे पुष्कळ आहेत. जवळच्या सावली गावी रेल्वेचे डबे बनतात. तिथेही २०२१ मध्ये बॉम्बार्डियरचा रेल्वेचा धंदा अॅल्स्टॉमने घेतला, म्हणजे विलीनीकरण तिथेही आहेच, पण रेल्वेच्या ऑर्डर वर्षानुवर्षांच्या असतात. स्विचगियर आणि ट्रान्सफॉर्मरवाले तर आपल्या दारातच. प्रत्येकाची पात्रता वेगळी: गाड्यांना आयएटीएफ १६९४९, रेल्वेच्या वेल्डिंगला ईएन १५०८५. घरात कुणी कलाभवनातून (बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून) शिकलेलं असेल तर ती जबाबदारी त्याच्याकडे द्या, कागदपत्रांना वर्ष-दीड वर्ष जातं. या वर्षी सुरू केलं तर प्रेस पूर्ण भरायच्या वेळेला दुसरं गिऱ्हाईक तयार असेल.

पुढच्या भेटीत टियर-१ च्या खरेदीवाल्याकडून तीन गोष्टी लेखी मागा: प्रत्येक पार्ट कोणत्या प्लॅटफॉर्मचा, तो प्लॅटफॉर्म कोणत्या साली सुरू झाला आणि कोणत्या साली बंद करायचा आहे, आणि त्याच प्लॅटफॉर्मवर दुसऱ्या ब्रँडची गाडी किंवा निर्यात आहे का. प्लॅटफॉर्मला अजून चार-पाच वर्षं असतील, दोन नावांनी गाडी विकली जात असेल आणि डायचे पैसे ते देत असतील, तर वडिलांना सांगा, प्रेस घ्या. दोनच वर्षं उरली असतील आणि डाय तुमच्या खर्चाने असेल, तर जुन्या १०० टनावरच एक शिफ्ट वाढवून तेवढं काम काढा आणि कर्ज बसबारच्या टूलसाठी राखून ठेवा. बंद होण्याचं साल सांगायला ते कचरत असतील, तर त्या मॉडेलचं शेवटचं फेसलिफ्ट (तीच गाडी थोडी बदलून पुन्हा आणणं) कधी आलं ते पहा. फेसलिफ्टनंतर साधारण तीन वर्षांनी गाडी जाते किंवा पूर्ण बदलते.